घरून काय दिलं

चांद्या बुधवारी सकाळी मेला. एकोणीस वर्षांचा बैल होता. तीन वर्षांपासून त्याच्या खांद्यावर जू ठेवलं नव्हतं. माझी बायको जमनी म्हणायची, त्यानं त्याचं काम केलं, आता त्याला बसून खाऊ द्या. तो वासरू असताना त्याची आई मेली होती, तेव्हा जमनीनंच त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. जमनी भाद्रपदात गेली. चांद्या माघात गेला.

मरायच्या आधी तीन दिवस तो उठला नाही. ढाणकीहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "वय झालं याचं. सुया टोचून काही होणार नाही. पाणी पाजत राहा." ते गेल्यावर बैल कण्हत पडून होता. बैल कण्हतो तेव्हा माणसासारखाच आवाज येतो. तो आवाज मी पाच महिन्यांपूर्वी घरात ऐकला होता.

घरात पत्र्याच्या डब्यात जमनीची इंजेक्शनं उरली होती. दुखणं थांबवायची, माणसांची, डायक्लो नावाची. बारा कुप्या होत्या. जमनीचा कॅन्सर पाठीच्या हाडात गेला होता. नागपूरच्या दवाखान्यानं घरी पाठवल्यावर उपकेंद्रातल्या नर्स उज्ज्वलाताईंनी मला सुई टोचायला शिकवलं होतं. दिवसाला दोन, जास्त दिल्या तर किडनी जाते, असं त्यांनी बजावलं होतं. मी तसंच केलं. शेवटच्या आठवड्यात जमनीचं दोनांवर भागत नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ देवीलाल त्या दिवसांत रोज येऊन बसायचा. तो आमच्याच तांड्यात राहतो. जमनीला तो बाई म्हणायचा, आमच्यात मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. एका दुपारी तो म्हणाला, "भाऊजी, अजून एक सुई द्या ना बाईले. पाहवत नाही."

मी म्हणालो, "संपल्या."

त्या संपल्या नव्हत्या. मला किडनीची भीती वाटत होती आणि देवीलालशी वाद घालायचं बळ नव्हतं, म्हणून मी तसं बोललो. त्यानंतर तिसऱ्या दिवशी जमनी गेली. उरलेल्या कुप्या मी फेकल्या नाहीत आणि कुणाला दाखवल्याही नाहीत.

चांद्याला मी सोमवारी संध्याकाळी पाच कुप्या दिल्या आणि मंगळवारी सकाळी पाच. एवढ्या मोठ्या अंगाला एका कुपीनं काय होणार, असा मी विचार केला. मंगळवारी दुपारी त्यानं मान उचलली आणि थोडा कडबा खाल्ला. कण्हणं थांबलं. मला बरं वाटलं. बुधवारी सकाळी पाहिलं तर तो गेलेला होता.

आमचा तांडा पैनगंगेच्या जंगलाला लागून आहे. आमच्या घरात बैलाला माती देत नाहीत. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. त्याला लदेणी म्हणत. वाटेत बैल मेला तर खड्डा खणायला तांडा थांबत नसे. बैल उघड्यावर ठेवायचे, शिंगांना शेंदूर लावायचे आणि पुढे निघायचे. मागे गिधाडं उतरत. आता आम्ही शेती करतो, कुठे जात नाही, पण आमच्या घरात ती रीत राहिली. तांड्याच्या मागे एक माळ आहे, त्याला हाडाचा माळच म्हणतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिथे कुणी गिधाड पाहिलं नव्हतं. कुत्री खायची. तरी आम्ही बैल तिथेच नेऊन ठेवत होतो.

देवीलाल ट्रॅक्टर घेऊन आला. आम्ही आपसात गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, बोलतो. सगळ्यांना कळावं म्हणून ते बोलणं इथे वऱ्हाडीत लिहितो.

"भाऊजी, जेसीबीवाल्याले फोन करू का?" तो म्हणाला. "खड्डा करू, मीठ टाकू, मोकळं. वारं तिकडून इकडेच येते. तुमचा बैल अख्ख्या तांड्याले आठ दिवस वास देईन."

"आपल्यात माती देत नाई."

"देत नव्हते तवा गिधाडं होते. आता कुत्रे हायेत. कुत्र्याईसाठी कायची रीत पाळता?"

"तुझ्या बहिणीचा बैल हाय तो," मी म्हणालो.

तो ट्रॅक्टरकडे वळला. साखळी बांधली आणि बैल माळावर नेला. मी शिंगांना शेंदूर लावला.

गुरुवारी सकाळी देवीलाल तुरीच्या वावरातून थेट माझ्या दारात आला. चपलेला माती तशीच होती.

"चला, तुमच्या बैलाले पाहुणा आला," तो म्हणाला.

माळाच्या कडेला मोहाचं वाळलेलं झाड आहे. त्याच्या शेंड्यावर गिधाड बसलं होतं. एकच. मी लहान असताना अशी पन्नास-साठ एकदम पाहिली होती, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. देवीलालनं मोबाइलवर फोटो काढून मोठा करून दाखवला. पंखावर निळा बिल्ला होता, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एन ३१ लिहिलेलं. पाठीवर काडेपेटीएवढी काळी डबी.

"नंबरप्लेट हाय," देवीलाल म्हणाला. "पण पासिंग आपलं नाई. एमएच एकोणतीस असतं तर यवतमाळचं म्हटलं असतं."

दहा वाजता वनरक्षक धम्मरत्न मोटरसायकलवर आला. तो तरुण आहे, आमच्या बीटवर दोन वर्षांपासून आहे, तांड्यातले सगळे त्याला ओळखतात. इतका खुशीत मी त्याला आधी पाहिला नव्हता.

"काका, हे नेपाळचं हाय," तो म्हणाला. "तिथं पिंजऱ्यात वाढवून सोडलं. पाठीवरच्या डबीमुळे ते कुठं हाय ते तिथल्या लोकाईले दिसते. नेपाळहून नागपूरले फोन आला, नागपूरहून उमरखेडले, आन् उमरखेडहून मले. बैल तुमचा ना?"

"माझा."

त्यानं गाडीच्या सीटवर एक छापील कागद ठेवला आणि पेन काढलं. मालकाचं नाव, इंद्रजीत राठोड. जनावर, बैल. मृत्यूचं कारण, वय. पुढचा रकाना वाचून त्यानं विचारलं, "पशुवैद्यकानं शेवटचं औषध कोणतं दिलं?"

"डॉक्टरनं काहीच दिलं नाई."

"नक्की?"

"फोन लावून विचार."

त्यानं ढाणकीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनीही तेच सांगितलं. धम्मरत्ननं रकान्यात लिहिलं, निरंक. त्यानं डॉक्टरचं विचारलं होतं, मी डॉक्टरचं सांगितलं. देवीलाल शेजारीच उभा होता. तेवढ्यापुरतं मी गप्प राहिलो.

"बरं झालं," धम्मरत्न कागदाची घडी घालत म्हणाला. "नाईतर घोटाळा झाला असता. डायक्लो नावाची सुई असते दुखण्याची. जनावराले दिली आन् ते लगेच मेलं, तर ती मांसात राहते. गिधाडानं खाल्लं की त्याची किडनी जाते. मान टाकून बसते आन् दोन-चार दिवसांत खलास. इथले गिधाडं कुठं गेले म्हणता ना तुमी? असे गेले. शंभरातले नव्व्याण्णव."

"मंग ते औषध बंद काहून नाई करत?" देवीलालनं विचारलं.

"जनावराईसाठी केलं ना बंद. आपण केलं, नेपाळनं केलं, पाकिस्ताननं केलं, मंग बांगलादेशनं केलं. एकानं करून भागतच नाई. हे आज तिकडे जेवते, उद्या इकडे. त्याईनं तिथं दहा वर्षं सगळं साफ ठेवलं आन् इथं एक बैल खराब निघाला, तर त्याईची मेहनत पाण्यात."

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. कुप्या कुठून आल्या, हे देवीलालनं पहिल्यांदा विचारलं असतं. मी बोललो नाही. घरी आलो, डबा उघडला, उरलेल्या दोन कुप्यांवरचं नाव चष्मा लावून वाचलं. मग काठी घेऊन पुन्हा माळावर गेलो.

मधे तासभर गेला असेल. तेवढ्यात कुत्र्यांनी बैलाचं पोट फाडलं होतं आणि गिधाड झाडावरून खाली उतरलं होतं. बैलापासून पाच-सहा पावलांवर होतं. त्यानं काही खाल्लं की नाही, मला दिसलं नाही. मी ढेकूळ मारलं. ते उडून पन्नास पावलांवर बसलं. पुन्हा चालत आलं. गिधाड चालतं तेव्हा उड्या मारत येतं, दिसायला हसू येतं. मी पुन्हा हाकललं. माझा विचार असा होता की मी दिवसभर इथे बसेन, ते कंटाळून जाईल, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही.

तीनच्या सुमाराला धम्मरत्न परत आला. मागच्या सीटवर देवीलाल होता.

"काका, तुमी हाकलून राह्यले का त्याले?" धम्मरत्न लांबूनच म्हणाला. "मी म्हणतो, कुत्रे असतील. नेपाळवाले सकाळपासून फोनवर फोन करून राह्यले, पक्षी बसून राह्यला आन् उठून राह्यला म्हणून. चार दिवसांचं उपाशी हाय ते. खाऊ द्या ना."

"भाऊजीले बैल सोडवत नाई," देवीलाल म्हणाला. "वीस वर्षांनी पाहुणा आला, तर याईनं ताट काढून घेतलं."

मी काठी खाली ठेवली नाही. धम्मरत्ननं माझ्याकडे पाहिलं, मग फोन काढला. माळावर रेंज चांगली असते. त्यानं व्हिडिओ लावला आणि फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर चाळीसएक वर्षांची बाई होती. तिच्या मागे गोठा दिसत होता, त्यात चार-पाच म्हाताऱ्या गायी बसलेल्या. धम्मरत्न म्हणाला, या मनकुमारी चौधरी. नेपाळच्या तराईत यांच्या गावात म्हातारी जनावरं सांभाळतात, ती आपल्या मरणानं मेली की गिधाडांना ठेवतात. एन ३१ ला यांनीच खाऊ घातलं.

ती हिंदीत बोलली. आमच्यासारखीच हिंदी, थोडी वेगळी; मोठ्या भावाला दाइ म्हणणारी.

"नमस्ते दाइ. बैल आपका था?"

"हाँ."

"बहुत साल का था?"

"उन्नीस."

"तो दुख होता होगा," ती म्हणाली. "हमारे यहाँ भी लोग आकर रोते हैं. पर इसको खाने दीजिए दाइ. बहुत दूर से आया है." मग तिनं विचारलं, "डॉक्टर ने कुछ नहीं दिया, ये हमको बताया. घर से क्या दिया?"

मी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ती रागावली नाही. म्हणाली, "मैं इसलिए पूछती हूँ कि मेरे ससुर ने दिया था. घुटने की अपनी दवाई, भैंस को. भैंस रोती थी, उनसे देखा नहीं गया. डॉक्टर के कागज़ में कुछ नहीं था. सात पंछी मरे. तब से हम लोग डॉक्टर का बाद में पूछते हैं, पहले पूछते हैं, घर से क्या दिया."

देवीलाल माझ्या डाव्या हाताला उभा होता. मी त्याच्याकडे न पाहता सांगितलं.

"डायक्लो दिया. दस. मेरी औरत का बचा हुआ था."

मनकुमारीनं डोळे मिटले. मग लगेच विचारलं, "कब?"

"सोमवार शाम, मंगल सवेरे."

"पंछी ने खाया?"

"मालूम नहीं. मैं एक घंटा नहीं था."

ती धम्मरत्नशी भराभर बोलली. बैल आत्ताच्या आत्ता पुरा, खोल पुरा, तोवर पक्ष्याला जवळ येऊ देऊ नका. चार दिवस बघावं लागेल. फोन बंद करायच्या आधी ती मला म्हणाली, "बता दिया, अच्छा किया दाइ." मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

धम्मरत्न वरच्या साहेबांना फोन करायला बाजूला गेला. देवीलाल तिथेच होता.

"बाईच्या सुया?" त्यानं विचारलं.

"हो."

"तुमी तर म्हटलं होतं संपल्या."

"म्हटलं होतं."

"किती होत्या?"

"बारा."

त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि जेसीबीवाल्याला फोन लावला. "लवकर ये," एवढंच म्हणाला. मग तो माळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला, मी या टोकाला. दोघांनी मिळून गिधाड हाकललं, पण एकमेकांशी बोललो नाही. दिवस मावळायच्या आत चांद्याला माती दिली. आमच्या घरातला माती दिलेला तो पहिला बैल. गिधाड मोहावर बसून बघत होतं. शुक्रवारी सकाळी ते झाडावर नव्हतं.

धम्मरत्न रोज सकाळी फोन करायचा. मीच त्याला तसं सांगितलं होतं. शुक्रवारी पक्षी पैनगंगा ओलांडून किनवटच्या बाजूला गेला. शनिवारी तो दिवसभर एकाच जागी होता. डबीवरून फक्त जागा कळते, मान वर आहे की खाली हे कळत नाही. मी शनिवारी दर तासाला फोन केला. शेवटी धम्मरत्न म्हणाला, "काका, मलेही तेवढंच दिसते जेवढं तुमाले सांगतो." त्या दिवशी मी उरलेल्या दोन कुप्या उपकेंद्रात उज्ज्वलाताईंकडे नेऊन दिल्या. त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही.

रविवारी पक्षी उठला आणि आदिलाबादच्या दिशेनं गेला. दुपारी धम्मरत्न घरी आला. त्याला कागद दुरुस्त करायचा होता. निरंक खोडून त्यानं माझी सही घेतली. पण माझं औषध लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता. पशुवैद्यकाचं नाव, पशुवैद्यकाचं औषध, एवढंच छापलेलं होतं. त्यानं खालच्या मोकळ्या जागेत पेनानं ओळ घातली, घरून काय दिलं, आणि पुढे माझं उत्तर लिहिलं. म्हणाला, नेपाळच्या कागदावर ही ओळ आहे, आपल्याकडेही पाहिजे, फोटो काढून नागपूरला पाठवतो. नंतर तो तांड्यातल्या घरोघरी जाऊन हेच विचारत होता. सहा घरांत माणसांची औषधं जनावरांना दिलेली निघाली. कुणी लपवलंही नाही. कुणी विचारलंच नव्हतं आजवर.

या चार दिवसांत देवीलाल माझ्याकडे आला नाही. त्याच्या मुलीच्या हातून भाकरी येत होती, पण तो आला नाही.

सोमवारी सकाळी धम्मरत्नचा फोन आला. तेलंगणातल्या वनखात्याच्या माणसानं एन ३१ प्रत्यक्ष पाहिला होता. एका मेलेल्या म्हशीवर तो खात होता, बरोबर अजून दोन गिधाडं होती. त्या म्हशीची चौकशी आधीच झाली होती. मनकुमारीनं निरोप दिला होता की दाइला सांगा.

मी देवीलालच्या खळ्यावर गेलो. मळणी झाली होती, तो एकटाच घमेल्यानं तूर पोत्यात भरत होता. एका हातानं पोत्याचं तोंड धरायचं आणि दुसऱ्या हातानं घमेलं ओतायचं, त्यात निम्मी तूर खाली सांडत होती.

"जिवंत हाय ते," मी म्हणालो. "खाल्लं त्यानं."

"सांगितलं मले धम्मरत्ननं."

तो भरत राहिला. मी उभा राहिलो. दोन घमेली झाल्यावर त्यानं विचारलं, "बाईले माहीत होतं का? सुया हायेत म्हणून?"

"हो. डबा तिच्या उशाशी होता. मी तुले संपल्या म्हटलं तवा ती जागी होती."

"आन् ती काई बोलली नाई?"

"नाई. त्यानंतर तिनं मागितलीच नाई."

देवीलाल खाली बसला. "माह्या समोर तुमाले खोटं पाडलं नसतं तिनं," तो म्हणाला. "मरून गेली, पण पाडलं नाई."

त्यानं सांडलेली तूर मुठीत घेतली.

"मी असतो तर दिली असती भाऊजी. किडनी गेली असती तर जाऊ दिली असती. तीन दिवसांसाठी काय करायची होती तिले किडनी?"

"तवा तीन दिवस हायेत हे माहीत नव्हतं मले."

त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मग तो उठला आणि घमेलं उचललं.

"माहा राग गेला नाई अजून," तो म्हणाला. "पण तूर भरायची हाय. पोतं धरा."

मी दोन्ही हातांनी पोत्याचं तोंड उघडून धरलं.